थंडीतला समुद्र, कोल्हापूरहून : एका दांपत्याच्या चार दिवसांचे प्रकरण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथचे वर्कशॉप चालवणारे ५८ वर्षांचे गृहस्थ आणि घरी शिवणक्लास घेणाऱ्या त्यांच्या ५४ वर्षांच्या पत्नी. सोयीसाठी पुढे त्यांना काका-काकू म्हणू. काकूंना सौम्य दमा आहे. डिसेंबर लागला की पहाटेचा गारठा, नदीकाठचे धुके आणि शेतात पाचट पेटवल्याचा धूर हे तिन्ही एकदम येतात आणि छाती भरते. गुडघेही दुखतात. काकांना एकदा तरी पाण्याखाली उतरून बघायचे होते. गाडी स्वतःची, खर्चाची मर्यादा १६,००० रुपये, मुक्काम तीन रात्री. काकूंची मागणी एका वाक्यात मावणारी होती : "अहो, समुद्र बघायचाय, पण पायऱ्या नकोत, गारठा नको आणि जत्रेसारखी गर्दी तर अजिबात नको."

पहिला बेत सगळे करतात तोच होता : २८ ते ३१ डिसेंबर, गोवा. तो दोन फोनांत मोडला. एरवीचे खोलीभाडे तिप्पट झाले होते आणि एका रात्रीसाठी खोली द्यायला कोणी तयार नव्हते. मग गणपतीपुळे, मग पुदुच्चेरी, मग गोकर्ण असे नावांवर नावे सुरू झाले. इथेच बहुतेकांची गाडी अडते. गाव आधी ठरवतात आणि मग त्या गावात तारीख कोंबायला जातात. या प्रकरणात क्रम उलटा केला : आधी हवा, मग तारीख, मग भरती-ओहोटी, मग खोली, आणि गाव सगळ्यात शेवटी.

हवा : दिवसाची नव्हे, पहाटेची

जानेवारीत कोल्हापूरचे दिवसाचे तापमान ३० अंशांच्या आसपास आणि रात्रीचे १४-१५ असते. शेतवडीत आणि पंचगंगेकाठी त्याहून खाली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर याच दिवसांत दुपारी ३१ ते ३३ आणि रात्री १८ ते २० अंश. म्हणजे दुपारी कोकण कोल्हापूरपेक्षा गार नसते, उलट थोडे गरमच असते. फायदा आहे तो रात्रीच्या आणि पहाटेच्या चार-पाच अंशांचा. दम्याच्या माणसाला नेमके तेच हवे असते.

दुपारचा हिशेब मात्र नीट समजून घ्यायला हवा. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून जमिनीकडून मतलई वारे वाहतात. सकाळी समुद्र त्यामुळे ताटासारखा सपाट असतो. जमीन तापली की खारे वारे सुरू होतात आणि हवा सुसह्य होते. हिवाळ्यात घाटाकडून येणारा पूर्वेचा वारा जोरात असला, तर खारे वारे दुपारी एक-दोनपर्यंत आत शिरतच नाहीत. अशा दिवशी पारा ३५ च्या घरात जातो आणि "थंडीत कोकणात आलो आणि घामाने भिजलो" अशी तक्रार होते. किनाऱ्यावर जायच्या वेळा दोनच धरायच्या : सकाळी सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर. मधल्या वेळेत सावली, जेवण, झोप. जानेवारीच्या मध्यावर मालवणला सूर्योदय सात-सव्वासातला आणि सूर्यास्त सव्वासहानंतर होतो, म्हणजे संध्याकाळ लहान असते. चारला खोलीतून निघालो नाही तर सूर्यास्त गाडीतच होतो.

लांबचे पर्याय याच चाळणीतून गेले. पुदुच्चेरीत जानेवारीची हवा खरोखर छान, दिवसा २९-३०, रात्री २१-२२. पण तिथला खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस फेंगल चक्रीवादळात त्या शहराने एका दिवसात विक्रमी पाऊस पाहिला, त्यामुळे डिसेंबरातले बुकिंग तिथे जुगारच. शिवाय कोल्हापूरहून सरळ वाट नाही, जाण्यायेण्यात दोन दिवस जातात. दीवला रात्री १४-१५ अंश आणि वारा बोचरा. गारठा टाळायला निघालेल्या माणसाने तिथे का जावे? पुरी हवेला बरी, पण अंतर फार. गोकर्ण हवेत मालवणसारखेच, अंतर मात्र सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. दुप्पट गाडी चालवून तीच हवा घ्यायची, तर मधला एक दिवस फुकट जातो.

उरला आपल्याच घाटाखालचा किनारा, रत्नागिरीपासून शिरोड्यापर्यंत. या पट्ट्यात हवेचा फरक नगण्य. म्हणून गावाचा वाद तिथेच बाजूला ठेवला आणि कॅलेंडर काढले.

तारीख

मार्गशीर्षातले गुरुवार काकू पाळतात आणि घरात महिनाभर मांस-मासळी नसते. २०२५ मध्ये मार्गशीर्ष २१ नोव्हेंबरला लागून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपत होता. कोकणात जाऊन मासे खायचे नाहीत हे काकांना मान्य नव्हते, त्यामुळे तोपर्यंतचे सगळे दिवस बाद. (अधिक मासाच्या वर्षी मार्गशीर्ष पुढे सरकतो आणि जानेवारीही खातो, तेव्हा हे दर वर्षी पंचांगात पाहावे.) २० डिसेंबर ते ४ जानेवारी नाताळ, वर्षअखेर आणि शाळांच्या सहली. लाल एसटीतून उतरलेली चाळीस-चाळीस पोरे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जेटीवर रांगेत उभी असतात. बरे वाटते बघायला, पण त्या रांगेत गुडघेदुखीवाल्याने तासभर उभे राहू नये.

५ जानेवारीचा आठवडा चांगला दिसत होता, पण मंगळवारी ६ तारखेला अंगारकी. उपवास, आणि गणपतीपुळ्याच्या बाजूने मोठी गर्दी. १२ चा आठवडा संक्रांतीत गेला. २३ पासून पुन्हा गोंधळ : २६ जानेवारी सोमवारी आल्याने शनिवार-रविवार-सोमवार सलग सुट्टी, आणि रथसप्तमीच्या आत काकूंचे हळदीकुंकू. पुढे फेब्रुवारीत बहुधा आंगणेवाडीची जत्रा येते. तिची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की मालवण तालुक्यात त्या दोन-तीन दिवसांची खोली मिळणे मुश्कील.

राहिला १८ जानेवारीचा आठवडा. रविवारी १८ ला अमावास्या होती. अमावास्येला घर सोडायचे नाही हा काकूंच्या सासूबाईंचा नियम, आणि तो मोडण्यात कोणाला रस नव्हता. उद्यमनगराची सुट्टी सोमवारी असते. म्हणून सोमवार १९ ला निघायचे आणि गुरुवार २२ ला परतायचे ठरले. शनिवार-रविवारचे पर्यटक तोवर परतलेले असतात. खोलीवाल्याला "सोमवार ते गुरुवार" म्हटले की आवाजच बदलतो. सुट्टीच्या दिवसांत ३,५०० सांगितलेली खोली इथे २,२०० ला मिळाली.

ओहोटी कशासाठी पाहायची

गुडघे दुखणाऱ्या माणसाला समुद्रकिनारा सोपा वाटतो, तसा तो नसतो. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततो, टाच खाली जाते आणि गुडघ्यावर ताण येतो. अर्धा किलोमीटर चालले की दुसऱ्या दिवशी जिना चढवत नाही. ओहोटीला उघडी पडणारी ओली, दाबली गेलेली वाळू मात्र रस्त्यासारखी कडक असते. म्हणजे चालण्याची वेळ ओहोटीच्या आसपास आली पाहिजे, आणि ती उजेडातही आली पाहिजे.

यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब उपयोगी पडतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती. ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास मागेपुढे. भरती रोज सुमारे ४५-५० मिनिटे उशिरा येते. हा आडाखा अंदाजापुरताच. भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवणला ती मुंबईच्या आधी, साधारण अर्धा-पाऊण तास लवकर येते. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातच पाहावी. तिथीवरून फक्त "आपला आठवडा चालण्याजोगा आहे का" एवढे घरबसल्या कळते.

१९ ते २२ जानेवारी म्हणजे माघ शुद्ध प्रतिपदा ते चतुर्थी. मालवणला पहाटेची ओहोटी पावणेसहापासून सरकत आठपर्यंत, आणि संध्याकाळची सहापासून आठपर्यंत. सकाळ-संध्याकाळ दोन्ही फेऱ्या कडक वाळूवर. अमावास्येनंतरचे उधाण असल्याने पाणी जास्त मागे जाते आणि पुळण रुंद मिळते. अष्टमीच्या आसपास गेले असते तर भांगाची भरती, पाणी फारसे हटत नाही, आणि उजेडातल्या फिरण्याच्या वेळेलाच भरती आलेली असते.

याला एक किंमत होती. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरात असतात आणि तळाची वाळू उठते, म्हणून पाण्याखालचे कमी दिसते. डायव्हिंगसाठी भांगाचे दिवस बरे. काकूंचे रोजचे चालणे आणि काकांची एकदाची डुबकी यात चालण्याला झुकते माप दिले. ते बरोबरच होते. चालायचे सहा वेळा, डुबकी एकदा.

मग गाव

गणपतीपुळे सुंदर आहे, पण तिथला किनारा उताराचा. दोन पावलांत पाणी छातीला लागते आणि परतीची लाट पाय ओढते. दर वर्षी माणसे बुडतात ती याच कारणाने. पायाचा भरवसा नसलेल्या माणसाला तिथे गुडघाभर पाण्यातही उभे करू नये. देवगड-कुणकेश्वर शांत, पण डायव्हिंगची खरी सोय मालवणात. वेंगुर्ला-शिरोडा आम्हाला व्यक्तिशः जास्त आवडते. सुरूची दाट सावली, गर्दी निम्मी. काकांची डुबकी नसती तर हे प्रकरण तिथेच संपले असते.

देवबागकडे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी आणि मध्ये अरुंद जिभेसारखी जमीन. जायला-यायला एकच चिंचोळा रस्ता. समोरून बस आली की दोन्ही गाड्यांची चाके वाळूत. रात्री दम लागला आणि मालवण गाठायचे झाले तर हा रस्ता नको, म्हणून मालवण आणि तारकर्ली यांच्या मधल्या वायरी गावात खोली पाहिली. मालवणचे ग्रामीण रुग्णालय आणि औषधांची दुकाने तिथून जवळ. जिल्हा रुग्णालय ओरोसला.

खोली ठरवताना फोनवर विचारायचे प्रश्न "एसी आहे का" यापेक्षा वेगळे असतात. न्हाणीचा बंब लाकडाचा की गॅसचा-सोलरचा, आणि तो कोणत्या बाजूला? घरगुती निवासात पहाटे साडेपाचला पाणी तापवायला सुरुवात होते आणि नारळाच्या झावळ्यांचा धूर थेट मागच्या खिडकीतून आत येतो. भिंतींना ओल आहे का? जूनपासून बंद राहिलेल्या खोल्यांत गादीखाली बुरशी असते. दार उघडल्याबरोबर कुबट वास आला तर खोली बदलून मागायची, उदबत्ती लावायला सांगायचे नाही. कमोड आहे का? समुद्र किती पावलांवर? अगदी पाण्यालगतची खोली महाग, आणि रात्रभर गाजेने झोप मोडते. चादरीही खाऱ्या हवेने दमट राहतात. दोनशे-अडीचशे मीटर आत, माडांच्या वाडीत, उत्तर-दक्षिण खिडक्यांची खोली सगळ्यांत बरी. पश्चिमेची भिंत दुपारी तापते आणि नऊ वाजेपर्यंत निवत नाही.

घाट

कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग अजून कागदावरच असल्याने घाटाला पर्याय नाही. मालवणसाठी दोन वाटा जवळच्या : गगनबावडा-करूळ आणि राधानगरी-दाजीपूर-फोंडा. दोन्हीकडून अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, वेळ चार तास. करूळ घाट २०२४ च्या जानेवारीपासून रुंदीकरणासाठी बराच काळ बंद होता. घाटांची ही गत नेहमीचीच, म्हणून आदल्या दिवशी चौकशी केल्याशिवाय निघू नये. आंबोली वेंगुर्ला-गोव्यासाठी ठीक, मालवणला वळसा पडतो. फोंडा निवडला.

जानेवारी म्हणजे गळिताचा ऐन हंगाम. परितेपर्यंत आणि पुढेही उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि बाहेर आलेली उसाची टोके काचेच्या उंचीवर. पहाटे धुक्यात हे दिसत नाही. "लवकर निघू म्हणजे लवकर पोचू" हा हिशेब या महिन्यात चुकीचा. साडेनऊला निघावे, धुके विरलेले असते आणि काकूंनाही गार हवेत बसावे लागत नाही. परतताना दाजीपूरच्या जंगलातून चारच्या आत पार व्हावे. संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला तर गाडी लांब थांबवायची, दिवे मंद करायचे, हॉर्न वाजवायचा नाही. तो आपल्या सवडीने जातो.

उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा नाही. ब्रेक तापले की पकड सुटते आणि जळका वास येतो. वळणांत मळमळत असेल तर पुढच्या सीटवर बसावे आणि पोट हलके ठेवावे. कट वडा-मिसळ चापून घाटात उतरणे हा कोल्हापुरी शूरपणा बरोबरच्यांना महाग पडतो. इनहेलर पर्समध्ये, डॅशबोर्डवर नाही. बंद गाडीत ऊन लागले की डबी तापते. रोजचा आणि धाप लागल्यावर घ्यायचा असे दोन्ही इनहेलर, आणि दुसऱ्याची एक जादा डबी.

प्रत्यक्षात काय झाले

सोमवारी पावणेदोनला पोचले. खोली फोनवर सांगितल्याप्रमाणेच होती, फक्त "बंब मागे आहे, लांब आहे" यातले लांब म्हणजे आठ फूट निघाले. खिडकीच्या वरच्या भिंतीवर काजळीचा पट्टा होता, त्यावरून ते दुपारीच लक्षात आले. वरच्या मजल्यावरची खोली मागून घेतली. चौदा पायऱ्या चढाव्या लागल्या. गुडघा की छाती, अशी निवड आली तर दम्याच्या माणसाने छातीकडे पाहावे. काकू दिवसातून दोनदाच वर-खाली करायच्या, ते जमून गेले.

काकांचा सोमवार होता, म्हणून पहिल्या रात्री आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. शाकाहारी वाराला कोकणात जेवणाची अडचण होते असे म्हणतात, त्यांनी ही उसळ खाल्लेली नसते. मासळीचे दिवस मंगळवार-बुधवार. बांगडा स्वस्त आणि भरवशाचा. सुरमई आणि पापलेटच्या ताटाचा दर रोज बदलतो, बसण्याआधी विचारावा.

मंगळवारी सकाळी पावणेसातला निघून आठपर्यंत चालणे झाले. डायव्हिंग मंगळवारीच ठरले होते, पण सोमवार रात्रीपासून उत्तरेचा वारा सुटला होता. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारा पावसाळी हवेचा पट्टा) सरकून गेला की हिवाळ्यात असा वारा येतो आणि दिवस-दीड दिवस टिकतो. पाणी चहासारखे गढूळ. नाववाला न्यायला तयारच होता, कारण त्याला माणशी पैसे मिळतात, पाण्याखाली काय दिसले याचे नाही. जायचे की नाही हे ठरवायला सोपी खूण म्हणजे कमरेइतक्या पाण्यात उभे राहून स्वतःची पावले दिसतात का ते पाहणे. दिसली नाहीत, तर पुढे ढकलायचे. बुधवार राखीव ठेवलेला होता म्हणूनच हे जमले. डायव्हिंग शेवटच्या दिवशी ठेवणाऱ्यांची इथे फसगत होते. मग मंगळवारचा दिवस धामापूरच्या तलावाकडे वळवला. १५३० साली बांधलेला हा तलाव झाडीत आहे, वारा लागत नाही आणि मंदिराशेजारी बसायला सावली आहे.

बुधवारी वारा पडला. पावणेअकराला काका पाण्यात उतरले. ही वेळ मुद्दाम निवडली होती : भरती चढत असताना बाहेरचे स्वच्छ पाणी आत येते, आणि दुपारचा वारा अजून सुटलेला नसतो. हौशी माणसाची डुबकी सहा-आठ मीटर खोल आणि पंधरा-वीस मिनिटांची, बरोबर प्रशिक्षक. कानावर दाब जाणवला की दुखायच्या आधीच नाक दाबून हलकेच नाकात हवा फुंकायची. तरीही कान मोकळा झाला नाही तर खुणेने वर यायचे, सहन करायचे नाही. सर्दी असेल तर उतरूच नये. दमा असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्जावर सही करू नये. काकूंनी केली नाही. डुबकी मारून लगेच घाट चढणेही टाळावे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो. उथळ डुबकीत धोका फारसा नसला तरी एक रात्र मध्ये असलेली बरी.

किल्ल्याची नाव त्यानंतर पावणेबाराला धरली. ओहोटीला नाव जेटीच्या बरीच खाली असते आणि उतरताना मोठी टांग टाकावी लागते. भरतीला ती वर येते आणि पाऊल जवळजवळ सपाट पडते. त्या दिवशी पूर्ण भरती एकच्या सुमारास होती. किल्ल्यात काकू शिवराजेश्वर मंदिरापर्यंतच गेल्या आणि सावलीत बसल्या. तटाची फेरी काकांनी एकट्याने केली. ४८ एकरांचा किल्ला भर दुपारी पूर्ण पाहण्याचा हट्ट दोघांनीही धरला नाही.

हिशेब

खोली तीन रात्री, ६,६०० रुपये. स्थानिक फिरणे धरून ३८० किलोमीटर, लिटरला १६ धरून २४ लिटर पेट्रोल, सुमारे २,५००. जेवण-चहा ४,२००. किल्ल्याची नाव, रिक्षा, पार्किंग मिळून ९००. डायव्हिंग १,५००. एकूण १५,७००.

गुरुवारी साडेनऊला निघून दोनच्या आत घरी. माघी गणेश जयंती असल्याने बर्फातली सुरमई या वेळी आणता आली नाही. त्याऐवजी आमसुले, खाजा आणि कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या. आगळाची बाटली पूर्ण भरलेली घेऊ नये, वर दोन बोटे जागा ठेवून घ्यावी आणि झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून उभीच ठेवावी. घाट चढताना आतली हवा फुगते, झाकणातून आगळ झिरपतो आणि सीटवरचा तो डाग निघत नाही.